सुकटीचा वास आणि बंद खिडकी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शुक्रवार होता. कोर्टातले काम आटोपून, लोकलच्या गर्दीतून घरी पोहोचायला आम्हाला रात्रीचे आठ वाजले. आमच्या सहचारिणी नोकरीच्या कामानिमित्त बाहेरगावी गेलेल्या. घरात आमची वृद्ध आई आणि नववीत शिकणारी मुलगी. भाजी आणलेली नव्हती आणि बाहेर पाऊस धो-धो कोसळत होता. पण आई चार दिवसांपूर्वीच नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून आली होती आणि तिच्या पिशवीत आठवडी बाजारातून घेतलेली पावशेर सुकट होती. आम्ही म्हणालो, "आई, तू बस. आज सुकट मी करतो. वीस मिनिटांत होते."

आम्ही तवा गॅसवर ठेवला. काडी पेटवायच्या आत आई उठली. तिने आधी ओट्यावरची खिडकी लावली. मग बाहेरच्या खोलीतली लावली. मग मोरीतले ओले फडके आणून मुख्य दाराच्या फटीला लावले. हे सगळे तिने इतक्या सवयीने केले की आमच्या ते लक्षातही आले नसते. लक्षात आले ते मुलीच्या प्रश्नामुळे. ती म्हणाली, "आजी, खिडकी का लावतेस? किती उकडतंय!"

आई म्हणाली, "वास जातो बाळा. लोकं नावं ठेवत्यात."

हातातला उलथना हातातच राहिला. आमच्या आईला हे कोणी शिकवले? गावच्या आमच्या घराला खिडकीच नव्हती. तिथे सुकट तव्यावर पडली की वस्तीतल्या चार घरांना कळायचे आणि शेजारची काकी वाटी घेऊन यायची. वासाची लाज आईला गावाने शिकवली नाही. ती आम्ही शिकवली. आठ वर्षांपूर्वी या सोसायटीत राहायला आलो तेव्हा आम्हीच तिला म्हणालो होतो, "आई, इथं सुकट-बोंबील नको गं. सोसायटी चांगली आहे."

सोसायटी चांगली आहे! कोर्टात उभे राहून कलम १७ वर तासभर बोलणारे आम्ही. चौदा एप्रिलला व्यासपीठावरून स्वाभिमानाची भाषा करणारे आम्ही. आणि आमच्याच घरात आमच्याच आईच्या ताटाला आम्ही वाईट ठरवून बसलो होतो. आज लिहायचे आहे ते याच खिडकीविषयी. कारण ही खिडकी फक्त आमच्या घरातली नाही. आमच्यासारख्या हजारो शिकल्यासवरल्या बौद्ध घरांतली आहे.

मूठभर सुकट, टोपलीभर भाकरी

नव्या पिढीतल्या अनेकांना सुकट म्हणजे काय हेही आता सांगावे लागते. समुद्रात जवळा नावाची अगदी बारीक कोळंबी मिळते, नखाएवढी. कोळी बांधव ती डोल जाळ्यात पकडतात आणि कोळी भगिनी किनाऱ्यावर उन्हात वाळवतात. कडक उन्हात जवळा लवकर वाळतो. वाळला की तो महिनोन्‌महिने टिकतो, बर्फ लागत नाही, वजनाला हलका असतो. म्हणून समुद्र कधीही न पाहिलेल्या घाटावरच्या माणसाच्या तव्यापर्यंत तो पोहोचला. ताजा मासा नगर, सोलापूर, बीडच्या खेड्यात पोहोचायच्या आत नासायचा. सुकट मात्र आठवडी बाजारात गोणपाटावर ढीग लावून मापाने विकली जायची. १ जून ते ३१ जुलै या काळात राज्याच्या सागरी हद्दीत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. पावसाळ्याच्या या दिवसांत कोकणातही सुक्या मासळीचाच आधार असतो. म्हणून पावसाआधी घरोघरी 'आगोट' भरून ठेवण्याची तिकडे रीत आहे.

आमच्या माणसांनी सुकटीवर प्रेम केले त्याचे कारण साधे आहे. मजुरी करून दिवस मावळता घरी आलेल्या बाईला दोन तास चुलीपुढे बसायला वेळ नव्हता. डाळ शिजायला सरपण लागते, सुकटीला ते फारसे लागत नाही. डाळीला पैसा लागतो, सुकट मूठभर पुरते. मूठभर सुकटीत चार कांदे घातले की सहा माणसे टोपलीभर भाकरी खाऊन उठत. आणि ही काही पोट भरायची नुसती युक्ती नव्हती. वाळलेल्या जवळ्यात प्रथिने भरपूर असतात आणि तो सालासकट खाल्ला जात असल्याने कॅल्शियमही मिळते. दूधदुभते ज्यांच्या दारात नव्हते, त्यांच्या लेकरांची हाडे या मूठभर सुकटीने सांभाळली. ज्या बायांनी हे केले त्यांना आहारशास्त्राची पदवी नव्हती, पण शहाणपण होते.

त्या रात्री आम्ही केली ती सुकट आईच्याच पद्धतीची. आमच्या तरुण बांधवांनी, विशेषतः वसतिगृहात आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी, ही पद्धत लिहून घ्यावी. दोन वाट्या सुकट आधी ताटात पसरून निवडून घ्यावी. तिच्यात शिंपल्याचे तुकडे, काड्या, कधी बारीक खडे असतात. मग कोरड्या तव्यावर मंद आचेवर तीन-चार मिनिटे भाजावी. सतत हलवत राहावे, कारण एका बाजूने करपली तर सगळी कडू होते. भाजताना सुरुवातीला समुद्राचा ओला वास येतो. तो बदलून खमंग वास आला आणि सुकट बोटात चुरडू लागली की उतरावी. गार झाल्यावर हाताने हलकी चोळून सुपात पाखडावी. मिशा, पाय, धूळ सगळे निघून जाते. मग दोन पाण्यांतून झटपट काढून घट्ट पिळून घ्यावी. पाण्यात भिजत मात्र ठेवू नये, चव पाण्यात जाते आणि वाळूचा कचका राहतो.

कढईत दोन पळ्या तेल. ते तापले की ठेचलेल्या लसणाच्या आठ-दहा पाकळ्या. लसूण तांबूस झाला की तीन कांदे बारीक चिरून. कांदा मऊ होईपर्यंत धीर धरावा. कच्च्या कांद्यात सुकट टाकणे ही उतावळ्या माणसाची चूक आहे आणि ती आम्ही अनेकदा केलेली आहे. मग हळद, लाल तिखट आणि घरचा काळा मसाला. आंबटपणासाठी चार आमसुले किंवा एक टोमॅटो, कैरीचे दिवस असतील तर कैरीच्या फोडी. शेवटी सुकट घालून परतावी, पाण्याचा हबका मारावा आणि झाकण ठेवून पाच मिनिटे वाफ आणावी. मीठ अगदी शेवटी, चव बघून. सुकट समुद्राचा खारेपणा बरोबर घेऊन आलेली असते. माणसे जास्त असतील तर बटाट्याच्या नाहीतर वांग्याच्या फोडी घालाव्यात, कालवण वाढते. वरून कोथिंबीर. आणि सोबत ज्वारीची गरम भाकरी. भाकरी आम्हाला गोल येत नाही. ती आईने केली.

इथे आमच्या बांधवांना एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. हा स्वयंपाक पुरुषालाही येतो आणि यायलाच हवा. समतेवर भाषण करून घरी येणाऱ्या आणि 'ताट वाढ' म्हणणाऱ्या कार्यकर्त्याने आपल्या समतेचा हिशेब एकदा तव्यापाशी तपासून पाहावा. वीस मिनिटांची सुकट करायला क्रांती लागत नाही.

सोडे आणि सुकट

आता आमचा मुद्दा. मोठी कोळंबी सोलून वाळवली की तिला सोडे म्हणतात. सोड्याची खिचडी हा नावाजलेला पदार्थ आहे. वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत तिच्यावर लेख येतात. खाद्यमहोत्सवात तिचा फलक लागतो. महागड्या हॉटेलात ती 'पारंपरिक' म्हणून वाढली जाते. चांगले आहे, आमचा तिच्यावर राग नाही. ती चवदार असते हे आम्ही खाऊनच सांगतो. पण सोडे आणि सुकट एकाच समुद्रातून येतात. एकाच उन्हात वाळतात. दोन्हींचा वासही एकाच घराण्यातला. मग सोड्याला परंपरा आणि सुकटीला दुर्गंधी, हा निवाडा कोणाच्या नाकाने केला?

वास नाकाला येतो, पण तो 'घाण' आहे की 'खमंग' आहे हे नाक ठरवत नाही. ते शेजारी ठरवतो. आणि शेजारी ते ठरवतो तव्यामागे उभ्या असलेल्या माणसाकडे पाहून. हिंगाची फोडणी चार मजले चढते. तुपाच्या कढाचा वास दिवसभर जिन्यात रेंगाळतो. त्याबद्दल कोणी कोणाचे दार वाजवल्याचे आम्ही ऐकले नाही. पूर्वी घर भाड्याने घ्यायला गेलो की दलाल विचारायचा, "आडनाव काय?" आता तो शिकला आहे. आता तो विचारतो, "व्हेज की नॉनव्हेज?" प्रश्न बदलला, चौकशी तीच राहिली.

आणि संख्येने पाहिले तर नॉनव्हेज कोण आहे? केंद्र सरकारच्या नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१४ च्या पाहणीत देशातली पंधरा वर्षांवरची सुमारे ७० टक्के माणसे मांसाहारी निघाली. म्हणजे ज्याला अपवाद म्हणून हिणवले जाते तो बहुजनांचा नियम आहे. कोळी, आगरी, भंडारी, कुणबी, मराठा, मुसलमान, ख्रिस्ती, आदिवासी, बौद्ध या साऱ्यांच्या घरात कधी ना कधी मासा शिजतो. तरीही लाजायचे ते बहुसंख्यांनी! ब्राह्मणी व्यवस्थेचे खरे यश इथे आहे. तिने आपल्या ताटातले अन्न हिसकावले नाही. त्या अन्नाची लाज आपल्या मनात पेरली.

आमच्या लोकांनी याविरुद्ध लिहिलेले आहे, हेही सांगितले पाहिजे. पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात प्रा. शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दलितांच्या अन्नाच्या आठवणी गोळा करून २००९ साली ग्रंथरूपाने मांडल्या. हे ताट भारतीय नाही काय, असा प्रश्न त्या कामाने विचारला. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार आणि मांग घरांतल्या पदार्थांची कृतीसह नोंद केली. २०२४ साली त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले आणि मग इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्याची मोठी दखल घेतली. आमच्यातल्या किती घरांत ही पुस्तके आहेत? चौदा ऑक्टोबरला दीक्षाभूमीवरून पिशवी भरून ग्रंथ आणणाऱ्या आमच्या माणसांनी या पुस्तकांसाठीही त्या पिशवीत जागा करावी.

कायदा काय म्हणतो?

आम्ही वकील असल्यामुळे अनेकजण विचारतात, "साहेब, सोसायटी मांसाहाराला बंदी करू शकते काय?" भावनेने उत्तर देणे सोपे आहे. पण आमच्या माणसांना खरे काय ते कळले पाहिजे, कडू असले तरी.

बाजूने काय आहे ते आधी पाहू. अहमदाबादमध्ये पर्युषणकाळात नऊ दिवस कत्तलखाने बंद ठेवण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली ती बंदी कायम केली. पण त्याच निकालात माणसाने काय खावे ही त्याची खाजगी बाब आहे आणि ती कलम २१ मधल्या खाजगीपणाच्या हक्कात येते, असेही म्हटले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली गोवंश हत्याबंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. तिथेही आधार खाजगीपणाचाच होता. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे ठामपणे सांगितले. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम २३ नुसार पुरेसे कारण नसताना पात्र माणसाला सभासदत्व नाकारता येत नाही. खिशाला परवडणारे अन्न स्वतःच्या चुलीवर शिजवणे हे 'पुरेसे कारण' होऊ शकत नाही, असे आमचे मत आहे. आणि घरचा रोजचा स्वयंपाक जर उपद्रव ठरवायचा असेल, तर हिंगाच्या फोडणीलाही तोच न्याय लावावा लागेल.

आता विरोधात काय आहे ते. खाजगीपणाचा हक्क प्रामुख्याने सरकारच्या विरुद्ध चालतो. शेजाऱ्याच्या विरुद्ध तो तितक्या सहज चालत नाही. शिवाय अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला होता. या निकालाचा आधार घेऊन आपापली वस्ती आपल्यापुरती ठेवू पाहणारे लोक आहेत. बाबासाहेबांनी कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, कलम १५ ने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव सर्वांना खुले केले. पण 'फ्लॅट विकायचा नाही, कारण तुम्ही मासे खाता' असे म्हणणाऱ्याला सरळ पकडणारे कलम आजही आपल्या हाती नाही. ते मिळवण्यासाठी घरांच्या बाबतीत भेदभावविरोधी कायद्याची मागणी आपण लावून धरली पाहिजे. आरक्षणाच्या मागणीइतक्याच जोराने.

तोवर काय घडते आहे तेही पाहा. २०२३ साली मुंबईच्या आयआयटीत वसतिगृहाच्या खानावळीत काही टेबले फक्त शाकाहाऱ्यांसाठी राखली गेली आणि त्याचा निषेध करणाऱ्या विद्यार्थ्याला १०,००० रुपये दंड ठोठावला गेला. २०२५ च्या स्वातंत्र्यदिनी कल्याण-डोंबिवली महापालिकेने मांसविक्री बंद ठेवण्याचा आदेश काढला. स्वातंत्र्याच्या दिवशी माणसाला ताटाचे स्वातंत्र्य नाही! वेगळे टेबल, वेगळा माठ, वेगळी पंगत. ही भाषा आमच्या वडिलांना चांगली ठाऊक होती.

मृतमांस सोडले, सुकट नव्हे

इथे आमचेच काही बांधव एक शंका काढतात. ते म्हणतात, "बाबासाहेबांनीच तर मांस सोडायला सांगितले होते." ही शंका प्रामाणिक आहे, पण अर्धवट वाचनातून आलेली आहे. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तिथे बाबासाहेबांनी आपल्या माणसांना मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका, उष्टे-शिळे मागून खाऊ नका, असे बजावले. का? ते मांस होते म्हणून नव्हे. ते गावाने फेकलेले होते म्हणून. मेलेले ढोर ओढायचे आणि त्याचेच मांस मजुरी समजून घरी न्यायचे, ही गुलामगिरी होती. बाबासाहेबांनी ती गुलामगिरी सोडायला सांगितली.

पुढे १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांच्या उगमाविषयीच्या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले की अस्पृश्यतेचे मूळ वंशात नाही. एका समाजाच्या ताटावर बोट ठेवून त्याला गावाबाहेर ठेवले गेले. खाण्यावरून माणसाची पायरी ठरवण्याचा डाव किती जुना आहे, हे त्या ग्रंथातून कळते.

सुकट हे फेकलेले अन्न नाही. ती घामाच्या पैशाने बाजारातून मापाने मोजून विकत घेतलेली वस्तू आहे. कोळी भगिनीच्या कष्टाला आमच्या आईच्या कष्टाने दिलेली ती किंमत आहे. मेलेल्या ढोराचे मांस सोडणे हा स्वाभिमान होता. सुकट लपवणे हा स्वाभिमान नाही. पहिल्यात आपण मालकाला नाही म्हणालो. दुसऱ्यात आपण न विचारताच मालकाला हो म्हणत आहोत.

दुर्गंध कशाचा?

दुसरी शंका धम्माची. पाणातिपाता वेरमणी हे पहिले शील आपण रोज ग्रहण करतो, मग मासा कसा खायचा? हा प्रश्न आमच्या मुलीनेही त्याच रात्री जेवताना विचारला आणि तो टाळण्यासारखा नाही.

देवदत्ताने तथागतांपुढे पाच मागण्या ठेवल्या होत्या. भिक्खूंनी आयुष्यभर मासे-मांस खाऊ नये, ही त्यातली एक. तथागतांनी ती सक्ती नाकारली. आपल्यासाठी मारलेले पाहिले नाही, ऐकले नाही, तसा संशयही नाही, असे मांस भिक्षेत आले तर त्यांनी त्याला मनाई केली नाही. ज्याला शाकाहार करायचा असेल त्याने करावा, पण त्याचा नियम करून दुसऱ्यावर लादू नये, हा त्याचा अर्थ. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात हेच उलगडून सांगितले आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, कवायतीचा नियम नाही. मारण्याची हौस वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी. नियम माणसाला बांधतो, तत्त्व माणसाला विचार करायला लावते.

आणि वासाविषयी म्हणाल, तर सुत्तनिपातात याच विषयावर एक स्वतंत्र सुत्त आहे. आमगंध सुत्त. आमगंध म्हणजे कच्च्या मांसाचा दुर्गंध. कंदमुळे आणि धान्य खाऊन राहणारा एक ब्राह्मण मांस खाणाऱ्याला दुर्गंधाचा दोष लावतो. त्याला उत्तर मिळते की मांस खाणे हा दुर्गंध नव्हे. हिंसा, चोरी, खोटेपणा, क्रूरता, गर्व, दुसऱ्याची निंदा, हा दुर्गंध होय. बाबासाहेबांनीही आपल्या ग्रंथात हा संवाद घेतला आहे. विचार करा, सोसायटीच्या सेक्रेटरीला द्यायचे उत्तर कित्येक शतकांपूर्वीच तयार होऊन बसले आहे! जिन्यात दुर्गंध येत असेल तर तो कोणत्या दारातून येतो, हे त्या सुत्ताने सांगून ठेवले आहे.

आम्ही मुलीला एवढेच सांगितले की, "बाळा, तुला मोठेपणी मासा नको वाटला तर सोड. करुणेने सोडलास तर आम्हाला आनंदच आहे. पण शेजारच्या लाजेने सोडू नकोस." आमच्यात शाकाहारी बांधव आहेत, त्यांचा आम्हाला आदर आहे. विपश्यनेला बसणारे दहा दिवस शाकाहार करतात, तोही त्यांच्या साधनेचा भाग आहे. आमचा विरोध शाकाहाराला नाही. शाकाहाराची जानवी घालून फिरण्याला आहे.

आणि ते फिरणे आमच्यातही सुरू झाले आहे, हे दुःखाने लिहावे लागते. लग्नपत्रिकेवर 'शुद्ध शाकाहारी भोजन' असे छापले जाते. 'शुद्ध' हा शब्द आपल्या पत्रिकेवर कोठून आला? शाकाहारी म्हणा, पुरेसे आहे. शुद्ध म्हटले की कोणीतरी अशुद्ध ठरतो आणि तो कोण हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. अधिकारी झालेला मुलगा गावाकडच्या मावशीने आणलेले बोंबील जिन्याखाली ठेवायला लावतो. मुलांना डब्यात सुकट द्यायला आया घाबरतात. पाहुणे सवर्ण असले की फ्रीजमधला डबा मागे सरकतो. हे कोणत्याही कायद्याने सांगितलेले नाही. हे आपण स्वतःच स्वतःला सांगतो आहोत.

खिडकी उघडा

त्या रात्री भाजलेली सुकट सुपात पाखडायच्या आधी आम्ही ओट्यावरची खिडकी उघडली. मग बाहेरची उघडली. दाराचे फडके काढून मोरीत टाकले. आई म्हणाली, "राहू दे रे, कशाला उगं." आम्ही म्हणालो, "आई, चूक माझी होती. तूच मला शिकवलंस आणि मीच तुला गप्प केलं." ती काही बोलली नाही. भाकरी थापत राहिली.

जेवण चांगले झाले. मुलीने दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि कढई पुसून घेतली. शेजाऱ्यांपैकी कोणी दार वाजवले नाही. कदाचित पावसामुळे वास गेला नसेल, कदाचित गेला असेल आणि कोणाला भूकही लागली असेल. पण जेवताना आई दोन-तीनदा खिडकीकडे पाहत होती, हे आम्ही पाहिले. आठ वर्षांची सवय एका रात्रीत जात नाही. आणि तिच्यामागे आठ वर्षे नाहीत, शेकडो वर्षे आहेत.

म्हणून आमचे बांधवांना आणि भगिनींना आवाहन आहे. सोसायटीच्या सभेला जा, मागे बसू नका. भोजनाविषयी काही ठराव मांडला गेला तर विरोध नोंदवा आणि तो इतिवृत्तात लिहून घ्या. लेखी नोटीस आली तर घाबरू नका, लेखी उत्तर द्या. घर नाकारले गेले तर तारीख, वेळ आणि दलालाचे शब्द लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडतात. विहारात महिन्यातून एकदा आपल्या आयांना बोलवा आणि त्यांच्या हातच्या पदार्थांची कृती मुलामुलींकडून लिहून घ्या. त्या गेल्या की हे ज्ञान जाईल आणि मग दुसरे कोणीतरी त्याचे दुकान मांडेल.

आणि हे सगळे करण्याआधी एक काम आजच करा. आज रात्री वेळ कमी असेल, दमला असाल, पाऊस असेल, तर सुकट भाजा. तवा तापायच्या आत उठून खिडकी उघडा. आपल्या आईच्या देखत उघडा.

जयभीम!